गिनी पिगच्या दातांचं दुखणं: तोंड उघडायच्या आधी गवत बघा, वजन बघा

ठकीनं ढोबळी मिरचीची फोड उचलली, दोनदा चावल्यासारखं केलं आणि खाली टाकली. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. मग त्या फोडीसमोर नुसती बसून राहिली. मला वाटलं, पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी काकडीचा मऊ गर दिला, तो तिनं खाल्ला आणि मी निर्धास्त झाले. तिथंच आमचे आठ दिवस वाया गेले.

ठकी तेव्हा तीन वर्षांची होती. तपकिरी-पांढरी, वजन ९४० ग्रॅम. तिची भूक गेलेली नव्हती. भूक होती म्हणूनच पिशवीचा आवाज आला की ती धावत येत होती. तिला चावता येत नव्हतं. दातांच्या दुखण्यात जनावर खाण्यापाशी येतं, हुंगतं, तोंडात घेतं आणि सोडून देतं. पोट बिघडलं असेल तर बहुतेक वेळा ते खाण्याकडे फिरकतच नाही. ही खूण मला त्या दिवशी माहीत असती तर ठकीचं हाल होणं बरंच टळलं असतं, म्हणून सुरुवातीलाच सांगते.

अकरा वर्षांत माझ्याकडे सात गिनी पिग झाले, त्यांतल्या तिघांना दातांनी छळलं. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. रोजचा आकडा मांडून ठेवायची सवय हाताला होती आणि या कामात तीच सगळ्यात उपयोगी पडली.

दिसतात चार, दुखतात सोळा

गिनी पिगच्या तोंडात २० दात असतात. समोर वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात. सुळे नसतातच, त्या जागी नुसती मोकळी हिरडी असते. त्यामागे प्रत्येक बाजूला वर चार आणि खाली चार अशा एकूण १६ दाढा. हे सगळेच्या सगळे दात जन्मभर वाढत राहतात, त्यांची मुळं कधी बंद होत नाहीत. आपली नखं वाढतात तसंच ते, पण नख आपण कापतो आणि हे दात एकमेकांवर घासूनच झिजावे लागतात. गवताच्या पात्यात वाळूसारखे बारीक, कठीण सिलिकाचे कण असतात. गिनी पिग दिवसाचे कित्येक तास ते पातं दाढांखाली दळत बसतो आणि दळताना दाढा बेतात राहतात. दळण कमी झालं की दाढ वाढली, दाढ वाढली की चावताना टोचलं, टोचलं की दळण आणखी कमी. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही.

दाढा सरळ उभ्याही नसतात. खालच्या जिभेकडे कललेल्या असतात, वरच्या गालाकडे. त्यामुळे खालच्या दाढा वाढल्या की त्या जिभेवर कमान धरतात. दोन्हीकडच्या कमानी जवळ आल्या की जीभ त्यांच्याखाली अडकते, आणि घास मागे ढकलायला तर जीभच लागते. वरच्या दाढांच्या कडा गालात रुततात आणि तिथं जखम होते. ठकीची जीभ डाव्या बाजूनं अशीच दाबली गेली होती. काकडीचा गर नुसता चोखून गिळता येतो, मिरचीची साल दळावी लागते. तिनं एक खाल्लं आणि दुसरं टाकलं ते एवढ्यासाठी. मी त्याला तिचे नखरे समजले.

आता अडचण अशी की घरी या दाढा दिसत नाहीत. तोंड अगदी चिंचोळं असतं आणि गालाच्या आतल्या घड्या मध्ये येतात. बॅटरी लावून, तोंड फाकवून बघायचा प्रयत्न करू नका. काही दिसत नाही, जनावर घाबरतं आणि पुढं औषध पाजायची वेळ येते तेव्हा हातात यायला तयार होत नाही. बाहेरच्या खुणा वाचायला शिकायचं.

घरी काय बघायचं

पहिली गोष्ट वजनकाटा. ग्रॅममध्ये दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या, त्यावर एक टोपली ठेवून काटा शून्यावर आणा आणि जनावर टोपलीत बसवा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच वेळी, सकाळचं खाणं घालायच्या आधी. आकडा वहीत लिहा. डोक्यात ठेवू नका, डोकं आपल्याला हवा तो आकडा आठवतं. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतच असतात, पोटात गवत असतं, मूत्राशय भरलेलं असतं. पण ५० ग्रॅम उतरले की दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करा आणि उतार चालूच राहिला तर डॉक्टरांची वेळ घ्या. शरीराच्या दहाव्या भागाएवढं वजन गेलं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. ठकीच्या वहीतले आकडे आजही माझ्यासमोर आहेत: ९४०, ९२६, ८९८, ८५१. तिसरा आकडा लिहिताना मी थबकले होते. थबकून वही मिटली होती, हे मला अजून डाचतं. केसांच्या गोळ्यात गिनी पिग गुबगुबीतच दिसतो, नुसत्या नजरेला शंभर ग्रॅमचा फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट गवत. दातांचं दुखणं आलेलं गिनी पिग सगळ्यात आधी सोडतं ते सुकं गवत, कारण तेच सगळ्यात जास्त दळावं लागतं. पालेभाजी चालू असते, पेलेट्स (गिनी पिगच्या खाण्याच्या तयार कोरड्या गोळ्या) चालू असतात, म्हणून घरातल्यांना वाटतं खातंय की. रोज किती गवत घालता आणि संध्याकाळी किती उरतं हे डोळ्याखालून घाला. जोडी असेल तर दोघांमधलं कोण खातंय हे बसून बघावं लागतं. मी पाच मिनिटं बसते, फोन बाजूला ठेवून. निरोगी गिनी पिग पातं एका टोकाला धरतो आणि ते सरसर आत जातं, जबडा एका लयीत चालू असतो. दुखणाऱ्याचं तसं होत नाही. तो मान वाकडी करतो, जबडा अडखळत हलवतो, पातं ओठातून बाहेर लोंबत राहतं, एकाच तुकड्यावर तो बराच वेळ घालवतो. कधी काही खात नसतानाही नुसतं चावल्यासारखं करतो, जीभ काहीतरी हुसकत असल्यासारखी.

तिसरी गोष्ट लेंड्या. कमी झाल्या, बारीक झाल्या, सुकल्या किंवा एका टोकाला निमुळत्या झाल्या तर पोटात गवत पोचत नाहीये.

मग हनुवटी. लाळ गळून हनुवटीखालचे केस ओले किंवा चिकटलेले दिसतात. कधी हनुवटी कोरडी वाटते, कारण त्यानं ती पंजानं पुसलेली असते. म्हणून पुढच्या पंजांची आतली बाजूही बघा, तिथले केस चिकटले असतील. तोंडाला कुबट वास येतो का तेही बघा.

महिन्यातून एकदा जबडा चाचपायचा. त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून मांडीवर धरा आणि दोन्ही हातांची एकेक बोटं खालच्या जबड्याच्या कडेवरून एकाच वेळी मागे न्या. दोन्ही बाजू सारख्या लागायला हव्यात. एका बाजूला खडबडीत उंचवटा लागला, तर दाढेचं मूळ खाली हाडात वाढलंय किंवा गळू धरलंय अशी शंका घ्यायची. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या दिशेनं जातात, त्यामुळे एकच डोळा सतत पाणावणं किंवा पुढं आल्यासारखा दिसणं हेही दातांचं लक्षण असू शकतं. एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही: गिनी पिगच्या डोळ्यांतून अधूनमधून दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि तो पंजांनी तोंडभर फासून तो स्वतःला स्वच्छ करतो. ते नेहमीचं असतं, दोन्ही डोळ्यांतून येतं आणि लगेच संपतं.

पटाशीचे दात बघायचे असतील तर त्याच बैठकीत वरचा ओठ अलगद वर आणि खालचा खाली करायचा, दोन सेकंद पुरतात. दात पांढरे असतात. खालचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असतात, तो त्यांचा स्वभावच आहे. नवीन पाळणारे इथंच घाबरतात आणि ‘दात वाढलेत’ म्हणून कापून आणतात. बघायची असते ती कड. कड आडवी, सरळ असली की ठीक. तिरकी झाली असेल तर तो एका बाजूनं चावणं टाळतोय, म्हणजे त्या बाजूच्या दाढेत काहीतरी आहे.

पडल्यामुळे किंवा पिंजऱ्याच्या गजावर आपटून पुढचा दात तुटला तर तो साधारण दोन-तीन आठवड्यांत परत वाढतो. तोवर खाणं बारीक चिरून द्यायचं. मात्र हिरडीतून रक्त येत असेल, दात मुळाशी तुटला असेल किंवा त्याच्या समोरचा दात, घासायला काही न मिळाल्यानं, वाढत चालला असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

डॉक्टरांकडे

बारा तास काहीच खाल्लं नाही तर ते तातडीचं समजा, रात्र असली तरी. गिनी पिगचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. ते थांबलं की पोटात वायू धरतो, यकृतावर ताण येतो आणि मग दात बाजूलाच राहतात, जीव वाचवणं हेच काम होतं.

ठकीला मी आधी नेलं ते कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर होते. त्यांनी ओठ वर करून बघितलं, पटाशीचे दात वाढलेत म्हणाले, कटरनं टक्‌ टक्‌ कापले आणि आम्हाला घरी पाठवलं. तिचे पुढचे दात खरोखरच वाढलेले होते. पण का वाढले, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. दाढा इतक्या उंच झाल्या होत्या की तोंड पुरतं मिटतच नव्हतं, म्हणून पुढचे दात एकमेकांना भिडत नव्हते, म्हणून झिजत नव्हते. पुढचे दात वाढणं हे बहुतेक वेळा मागच्या दुखण्याचं लक्षण असतं. शिवाय कटरनं कापताना कधीकधी दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तिथं पू होतो. ठकीच्या नशिबानं तसं झालं नाही. घरी नेलकटर लावायचा विचारही करू नका. दात कमी करायचे ते डॉक्टरांनीच, फिरत्या बारीक बरनं, म्हणजे दात घासायच्या यंत्राच्या टोकानं, घासून.

त्यामुळे वेळ घेतानाच विचारा: तुम्ही ससे, गिनी पिग नेहमी बघता का? दाढा बघण्याची सोय आहे का? ज्यांच्याकडे आम्ही नंतर गेलो त्या बाईंनी आधी पाच मिनिटं ठकीला टेबलावर मोकळं सोडून गवत खाताना बघितलं. मग ऑटोस्कोप (कान तपासायचं दिव्याचं उपकरण) तोंडात घालून दाढांचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, “डावीकडे कमान दिसतेय, पण खरं काय ते भूल दिल्यावरच कळेल.” भूल देऊन, डोक्याचा एक्स-रे काढून त्यांनी ते निश्चित केलं. एक्स-रे महत्त्वाचा, कारण हिरडीच्या वर जेवढी दाढ दिसते तेवढीच गोष्ट नसते. मूळ हाडात किती खोल वाढलंय, गळू आहे का, हे त्यातच कळतं. पुढं किती आशा ठेवायची हेही त्यावरच ठरतं.

जाताना वजनाची वही न्या. जनावर चावताना कसं दिसतं याचा फोनवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात ते भीतीनं काही खातच नाही. जोडीदार असेल तर त्यालाही त्याच पेटीत न्या. ठकीचा जोडीदार गुंड्या शेजारी असला की ती थरथरायची थांबायची, हे मी दरवेळी बघितलंय.

भुलेआधी उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते उलटीच्या भीतीनं, गिनी पिगला उलटी होतच नाही. त्याला रात्रभर उपाशी ठेवणं धोक्याचं असतं. तोंड रिकामं असावं म्हणून अगदी थोडा वेळ आधी खाणं काढतात, ती वेळ डॉक्टर सांगतील. भुलेत त्याचं अंग झपाट्यानं गार पडतं, तेव्हा परत न्यायला येताना पेटीत मऊ कापड आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा.

औषधांबाबत एक गोष्ट पाठ करून ठेवण्यासारखी आहे. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं गिनी पिगच्या तोंडावाटे पोटात गेली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जनावर दगावतं. अनोळखी दवाखान्यात नाव विचारून घ्यायला संकोच करू नका. गिनी पिगना सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात. वेदनेसाठी बहुधा मेलॉक्सिकॅम, आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापानंच. घरातल्या माणसांच्या गोळ्यांतला तुकडा कधीही नाही. वेदनाशामक दिलं नसेल तर मागा. दाढा घासल्या म्हणजे दुखणं लगेच थांबलं असं नसतं. जिभेवरची जखम तशीच असते आणि दुखतंय तोवर तो चावणार नाही.

सिरिंजनं भरवणं

सगळ्यात जास्त काम इथं असतं आणि जनावर जगतं-वाचतं तेही बरंचसं इथंच. ठकीला मी अकरा दिवस भरवलं.

भरवायला आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी मिळणारी पूड उत्तम, ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर सगळ्यात परिचित आहे. ती हाताशी नसेल तर त्याच्या नेहमीच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, पूर्ण कुस्करून, हवं तर गाळून घ्या. खळीइतकं दाट हवं: सिरिंजमधून सहज सरकेल, पण ओघळणार नाही. एक मिलीलीटरच्या सिरिंजा चार-पाच आणून ठेवा. टोकाचं भोक लहान असतं, त्यात गवताचा कण अडकतो, म्हणून टोक कापायचं. कापलेली कड बोटावरून फिरवून बघा. टोचत असेल तर घासून गुळगुळीत करा, नाहीतर आधीच दुखऱ्या तोंडात आणखी ओरखडा उठेल.

किती द्यायचं? स्वतः काहीच खात नसेल तर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ८० मिलीलीटर तयार मिश्रण लागतं. ठकी ८५० ग्रॅमवर आली होती, तिला मी दिवसाचे ६० मिलीलीटर धरले. दहा-दहाच्या सहा पाळ्या, दर चार तासांनी, मध्यरात्रीची एक धरून. पहिल्या दिवशी एका बैठकीला चारच मिलीलीटर गेले. तेव्हा पाळ्या वाढवल्या, मापाचा हट्ट धरला नाही. थोडंफार स्वतः खायला लागलं की त्या मानानं कमी करायचं. या दिवसांत वजन रोज.

धरायची पद्धत अशी. टॉवेलात सैलसर गुंडाळा, छाती दाबली जाता कामा नये. मांडीवर, पाठ आपल्या पोटाला टेकलेली, चारी पाय खाली, डोकं नैसर्गिक उंचीवर. उताणं कधीच नाही. डावा हात हनुवटीखाली नुसता आधाराला. सिरिंज समोरून नाही, बाजूनं आत घालायची, पटाशीच्या दातांमागे जी मोकळी हिरडी असते तिथून, आणि टोक पलीकडच्या गालाच्या दिशेनं. घशाकडे सरळ दाबली तर श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अर्धा मिलीलीटर सोडा आणि थांबा. जबडा हलला, घोट गेला, मग पुढचा अर्धा. नाकातून थेंब आला किंवा खोकल्यासारखं झालं तर लगेच थांबून डोकं किंचित खाली करा आणि डॉक्टरांना कळवा.

ठकी पहिले दोन दिवस पंजानं सिरिंज ढकलायची. तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या पाळीला तिनं टोक दातात धरलं आणि सोडेचना. त्या अंधारात तिचा जबडा माझ्या बोटांखाली हळूहळू चालत होता, डावीकडे अडखळत, पण चालत होता. नवव्या दिवशी तिनं कोथिंबिरीचं पान ओढलं. बाराव्या दिवशी सकाळी मी वजनाची वही उघडत होते तेव्हा मागून कर्र असा बारीक आवाज आला. वळून बघितलं तर तिच्या तोंडातून गवताचं पातं आत जात होतं.

भरवून झालं की हनुवटी कोमट ओल्या कापडानं पुसा आणि पूर्ण कोरडी करा. लाळेनं भिजलेली कातडी लगेच सोलवटते. वर मलम लावायचं तर डॉक्टरांना विचारून, कारण ते चाटलं जाणार हे नक्की.

आणि दर वेळी समोर खाणं ठेवा, भरवत असलात तरी. गाजर किसून थोडं, काकडी आणि मिरची काडीपेटीतल्या काड्यांएवढी बारीक कापून, ओलं कोवळं गवत, मऊ सुकं गवत बोटभर तुकडे करून. बऱ्याच जणांची चूक होते ती इथं: मऊ खाणं सुरू होतं आणि मग तेच चालू राहतं, कारण ते आवडीनं खातं. जखम भरली की काड्यांच्या फोडी, फोडींचं अख्खं पान, तुकड्यांचं लांब पातं असं आठवड्याभरात परत दळणाकडे आणायचं.

गवत आणि क जीवनसत्त्व

मोठ्या गिनी पिगच्या खाण्यात दहातले आठ वाटे तरी सुकं गवत हवं, म्हणजे ते कधी संपलेलं दिसूच नये. टिमोथी किंवा तसंच धाग्याचं गवत. लसूणघास फक्त पिल्लांना आणि गाभण माद्यांना. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, मोठ्यांना त्यानं मुतखडा होतो. जिथं ते लेंड्या टाकतात त्याच कोपऱ्यात गवत टांगून बघा, बसल्याबसल्या खातात. दिवसातून दोनदा नवीन मूठभर घातलं की वासानं परत येतात. पेलेट्स दिवसाला एक-दोन चमचे पुरेत, वाडगा भरून ठेवला तर गवत कोण खाणार? चघळायला दिलेली लाकडं चांगली, पण ती झिजवतात पुढचे चार दात. दाढा झिजतात त्या गवतानंच.

क जीवनसत्त्व गिनी पिगच्या शरीरात तयार होत नाही, माणसाच्या शरीरात होत नाही तसंच. ते कमी पडलं की दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू सैल पडतात, दात हलतात, वाकडे होतात, आणि वाकडा दात नीट झिजत नाही. सांधे दुखतात, उड्या मारणं बंद होतं, केस निस्तेज होतात. निरोगी मोठ्याला किलोमागे रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, पिल्लांना, गाभण आणि आजारी जनावरांना तीसपर्यंत. लाल ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, तेव्हा वीस ग्रॅमच्या तुकड्यात रोजचं भागतं. आजारपणात डॉक्टर वेगळं देतात, ते सिरिंजनं थेट तोंडात द्यायचं. पिण्याच्या पाण्यात मिसळू नका. उजेडात, पाण्यात ते भराभर नासतं, वर पाण्याची चव बदलल्यानं पाणी पिणंच कमी होतं. पेलेट्समधलंही साठवणीत कमी होत जातं, म्हणून मोठी गोणी न घेता लहान पाकीट घ्यावं आणि तयार झाल्याची तारीख बघावी.

परत परत येणारं दुखणं

काहींचं एकदा दाढा घासून भागतं. काहींचं नाही. जबड्याची ठेवणच वाकडी असेल किंवा मूळ बिघडलं असेल तर दाढा परत वाढतात आणि दर काही आठवड्यांनी भूल, घासणं, भरवणं हे चालू राहतं. अशा जनावरांची पिल्लं होऊ देऊ नयेत. वहीत प्रत्येक वेळच्या घासणीची तारीख आणि त्यानंतर वजन कधी उतरायला लागलं ते लिहा, पुढची वेळ त्यावरून ठरते. ठकीची पहिली घासणी धरून चार घासण्या झाल्या, सहा-सात आठवड्यांच्या अंतरानं. मग गवत नीट चालू झाल्यावर अंतर चार महिन्यांवर गेलं. फार दिवस तोंड उघडं राहिल्यानं जबड्याचे स्नायू ढिले पडले असतील तर हनुवटीखाली लवचीक पट्टी बांधून आधार देतात. ती पट्टी डॉक्टरांनी मापून बांधायची असते, घरी अंदाजानं नाही.

मुळाशी गळू झालं तर गोष्ट अवघड होते. गिनी पिगचा पू इतका घट्ट असतो की चीर देऊन तो वाहून जात नाही. गळवाची अख्खी पिशवी आणि बहुधा ती दाढही काढावी लागते, आणि इतक्या छोट्या जबड्यात ते मोठं ऑपरेशन आहे.

ठकी पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली तसं गळू आलं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, “तुमची असती तर काय केलं असतं?” त्यांनी एक्स-रे माझ्यासमोर धरला, हाड कुठं कुठं पोखरलंय ते दाखवलं, आणि मग मला तीन प्रश्न विचारले. ती स्वतः काही खाते का? गुंड्याशेजारी जाऊन बसते का? वेदनाशामक दिल्यावर तरी डोळे पूर्ण उघडते का? मी घरी येऊन दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर या तिन्हींची उत्तरं तासातासानं लिहिली. तिन्ही रकान्यांत ‘नाही’च जास्त होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेले, गुंड्यालाही नेलं आणि तिला शांतपणे झोपवलं. ती गेल्यावर गुंड्याला तिच्याजवळ थोडा वेळ ठेवलं. त्यानं तिला हुंगलं, थोडा वेळ टेकून बसला, मग बाजूला जाऊन पेटीतलं गवत खाऊ लागला. घरी आल्यावर मी त्याचं वजन केलं आणि वहीत लिहिलं: १,०८० ग्रॅम.